औंढ्याची द्राक्षपरंपरा

औंढा नागनाथला निवृत्त माणसाने काय करावे, याचे नियम ठरलेले आहेत. सकाळी देवदर्शन, मग माऊलीच्या बेलफुलांच्या दुकानापुढच्या बाकावर बसून देशाची चिंता, दुपारी झोप, आणि संध्याकाळी त्याच बाकावर उरलेली चिंता. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले राधाकृष्ण भाऊसाहेब हे नियम काटेकोर पाळत होते. अशा माणसाने द्राक्षे लावावीत, आणि तीही पर्यटनासाठी लावावीत, हे कोणाच्या डोक्यात आले नसते. ते आले मोबाइलमुळे.

त्यांचा एकुलता एक मुलगा अनिरुद्ध पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्याला औंढ्याला यायला रजा मिळत नसे. कंपनीत रजा ही वस्तूच शिल्लक नसते, असे भाऊसाहेब बाकावर सर्वांना समजावून सांगत. एके सकाळी त्याच बाकावर बसल्या बसल्या त्यांनी मोबाइल उघडला, तर अनिरुद्धचे फोटो आलेले. नाशिककडच्या कुठल्याशा द्राक्षमळ्यात तो, त्याची बायको जान्हवी आणि मित्रमंडळी विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून एका लाकडी टबात द्राक्षे तुडवत होती. हातात काचेचे पेले. फोटोखाली लिहिले होते, ‘मातीशी नातं’.

भाऊसाहेबांची वसमत रस्त्याला वडिलोपार्जित जमीन होती. त्या मातीशी अनिरुद्धचे नाते पुढेमागे सातबाऱ्यावर वारस म्हणून लागण्यापुरतेच उरले होते. माऊलीने मान लांब करून फोटो पाहिला आणि रजा मिळाली वाटतं, एवढेच म्हणाला. भाऊसाहेब उठले आणि चिंता अर्धी टाकून घरी गेले.

घरी जाऊन त्यांनी फोन लावला. इकडे कधी येतोस, असे विचारले. अनिरुद्ध वाईट मुलगा नव्हता. त्याने अगदी सरळ मनाने विचारले, “बाबा, तिकडे येऊन करायचं काय?”

भाऊसाहेबांचा जन्म कचेरीत गेला होता. आलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे, हे त्यांच्या अंगात मुरलेले. मुलाने स्वतःहून यावे आणि चार दिवस आईबापांजवळ राहावे, एवढीच त्यांची इच्छा होती. ती तशी बोलून दाखवली असती तर द्राक्षांवाचून भागले असते. पण मध्यमवर्गीय बाप असले काही बोलत नाही. तो कामाला लागतो.

जमीन दगडोबा बटईने करत होता. त्याची हयात हळदीत गेली होती. भाऊसाहेबांनी रस्त्याकडेची पट्टी द्राक्षाला दे म्हटल्यावर त्याने टोपी काढून डोके खाजवले.

“हळद काहून मोडता, भाऊसाहेब? चांगली येऊन राहिली ना.”

भाऊसाहेबांनी त्याला पर्यटन म्हणजे काय ते सांगितले. लोक गाडी करून येतात, वेलीखाली बसतात, द्राक्षे तुडवतात आणि खूश होऊन जातात. तुडवतात कशाने, असे दगडोबाने विचारले. पायाने, असे भाऊसाहेब म्हणाले. दगडोबाने टोपी घालून मान डोलावली. सरकारी अधिकारी भाषण करताना तो अशीच मान डोलावत असे.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या निर्मलाबाईंनी सांगितले की वेलाखाली साप येतात. नागनाथाच्या गावात साप आले तर बिघडले काय, असे भाऊसाहेब म्हणाले, पण आत जाऊन त्यांनी दाराला फट आहे का ते पाहिले. कोणी म्हणाले पेरू लावा. कोणी म्हणाले, पर्यटनच पाहिजे तर उंट घ्या, एका उंटावर माणसाचे घर चालते. माऊलीने सर्वांत मोठे काम केले. त्याने न विचारता प्रकल्पाला नाव दिले, ‘नागनाथ वाइन दर्शन’, आणि बेल घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगितले.

तालुक्याच्या गावात वाइन हा शब्द एकाच प्रकारच्या पाटीवर असतो, आणि त्या पाटीखाली जाळीच्या आड बाटल्या असतात. आठवडाभरात गावभर झाले की देवाच्या सेवेकऱ्यांच्या घरातला भाऊसाहेब दारूचे दुकान काढतोय. महिला मंडळ निषेधाचा ठराव घेऊन दारात आले. त्यात निर्मलाबाई होत्या, आणि ठरावाचे अक्षरही त्यांचेच होते. ज्या माणसाने आयुष्यात सुपारीचे खांड तोंडात टाकले नाही, त्याने ओटीवर उभे राहून मी दारू गाळत नाही अशी शपथ घ्यायची, हा प्रसंग काही साधा नव्हता. त्यांची बायको सरलाबाई आत दिव्याच्या वाती वळत बसल्या होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून स्टँडवरचा गावातला नामांकित दारुडा भाऊसाहेबांना लवून मुजरा करू लागला. चार प्रतिष्ठित गृहस्थ मात्र वेगवेगळ्या वेळी येऊन, आवाज खाली आणून, सुरू कधी होणार ते विचारून गेले. त्यातले दोन निषेधाला आलेल्या बायकांचे नवरे होते.

बदनामी झालीच आहे तर निदान कागद तरी साफ असावेत म्हणून भाऊसाहेब हिंगोलीला दारूबंदीच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबाने विचारले, दारू काढणार का? नाही. विकणार का? नाही. मग परवाना कशाचा पाहिजे? परवाना नको, दारू काढत नाही असा दाखला पाहिजे. साहेबाने पेन खाली ठेवले. असा दाखला द्यायचा तर जिल्ह्यातल्या प्रत्येक न काढणाऱ्याला द्यावा लागेल, असे तो म्हणाला. चहा मात्र त्याने पाजला.

पर्यटनाच्या कचेरीत वेगळीच अडचण निघाली. तिथल्या बाईंनी सांगितले की स्थळाची नोंद करायची तर त्या स्थळाला इतिहास लागतो. परंपरा असल्यास उत्तम. भाऊसाहेबांना त्या दिवशी फार बरे वाटले. कागद लागतो आहे म्हटल्यावर त्यांना आपण कुठे आहोत ते कळले. त्यांनी घरी येऊन टेबल पुसले, आणि ‘औंढा परिसराची द्राक्षपरंपरा : इतिहास, चालीरीती व प्रवाशांसाठी आकर्षणे’ ही पुस्तिका लिहायला घेतली.

देवळाच्या भिंतीवर कोरलेली वेल ही द्राक्षाचीच असून ती पूर्वापार असल्याचे दिसून येते, असे त्यांनी लिहिले. पांडव वनवासात इकडे आले त्या अर्थी ते काहीतरी खात असलेच पाहिजेत, सबब द्राक्षे खात असावेत. निजामाच्या काळात एक सुभेदार रोज बराबर दहा बजे औंढ्याची द्राक्षे खाई, ही हकिकत त्यांनी जेवताना रचली आणि हात धुतल्याबरोबर उतरवून काढली. चालीरीतींच्या भागात तर ते रंगातच आले. नव्या नवरीने वेलीला पाणी घालायचे, जावयाने घड तोडायचा, अशा चार चांगल्या रूढी त्यांनी एका दुपारी गावाला बहाल केल्या.

सरलाबाईंनी चष्मा लावून सगळे वाचले आणि विचारले, “हे कुठे दिसून येतं?”

“दिसून येते असं लिहिलं की दिसून येतं,” भाऊसाहेब म्हणाले. “त्याच्यावर आख्खी कचेरी चालते.”

कचेरीचे उत्तर यायला पावसाळा गेला. इतिहास मिळाला, असे त्यात होते. तथापि तो इतिहास असल्याबद्दल संबंधित विभागाचा दाखला जोडून प्रस्ताव फेरसादर करावा. ‘तथापि’ पाहून भाऊसाहेबांनी कागदाची घडी घातली. या शब्दाने त्यांनी स्वतः कितीतरी माणसे घरी पाठवली होती. नोंदीचा नाद त्यांनी तिथेच सोडला. अनिरुद्ध काही कचेरीची नोंद पाहून येणार नव्हता.

इकडे वेली वाढत होत्या. लोखंडी अँगल ठोकून मांडव केला होता. छाटणीच्या वेळी दगडोबा कात्री घेऊन उभा राहिला की भाऊसाहेब मोबाइलवर बघून त्याला कुठे कापायचे ते सांगत, आणि दोघेही चुकीच्या ठिकाणी कापत. दुसऱ्या वर्षी घड धरले. ते पहिल्यांदा पोपटांना दिसले. बाजारात जाळी होती, पण जाळीचे पैसे ऐकून भाऊसाहेब परत आले आणि त्यांनी सरलाबाईंचे कपाट उघडले. आठवड्याभरात मांडवावर जुनी लुगडी नि पातळे चढली. रस्त्याने जाणाऱ्या एसटीतल्या लोकांना वाटे की इथे धोबीघाट निघालाय. निर्मलाबाई मुद्दाम बघायला गेल्या आणि येऊन सरलाबाईंना म्हणाल्या, निळं पातळ दिसलं, अनिरुद्धच्या मुंजीतलं. सरलाबाई म्हणाल्या, हो, पातळाला ऊन लागतंय चांगलं.

भाऊसाहेब दर फोनला मुलाला तुडवायच्या द्राक्षांचे सांगत होतेच, आणि माघात अनिरुद्धचा फोन आला. महाशिवरात्रीला जोडून सुट्टी येतेय, जान्हवी आणि मित्र मिळून सगळे येतो म्हणाला. भाऊसाहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. राहायला ना, असे विचारले. बघू, असे तो म्हणाला. मग म्हणाला, “बाबा, लोकेशन पाठवा.”

जन्मला त्या गावाचे लोकेशन. पण भाऊसाहेबांना ते त्या वेळी टोचले नाही. ते आनंदाने माऊलीकडे धावत गेले, कारण लोकेशन कसे पाठवतात ते त्यांना येत नव्हते. मग मांडववाल्याकडून गाद्या आल्या, मागच्या अंगणात खुर्चीचा संडास बसला, सरलाबाईंनी करंज्या केल्या आणि मग शिवरात्रीला उपास आहे हे आठवून त्या डब्यात घालून ठेवल्या.

वेलीवरची द्राक्षे तोडली तेव्हा टोपलीभर निघाली. टोपलीत एक माणूस काय तुडवणार? दगडोबाला नांदेडला पिटाळून भाऊसाहेबांनी टेम्पोभर पेट्या मागवल्या. पेट्यांवर नाशिकचे शिक्के होते. भाऊसाहेब ओट्यावर बसून ते नखाने खरवडू लागले, तेव्हा दगडोबा म्हणाला की मग लेकराला नाशिकलाच जाऊ द्यायचं होतं. भाऊसाहेबांनी त्याला जुनी कढई धुवायला पाठवून दिले. हळद शिजवायची ती लोखंडी कढई चांगली न्हाणीघराएवढी होती, आणि गावात एवढा मोठा टब दुसरा मिळणारा नव्हता. ती कितीही धुतली तरी पिवळी ती पिवळीच राहिली.

शिवरात्रीच्या पहाटे भाऊसाहेबांनी आपल्या वेलीचा पहिला घड नागनाथाला नेला. नवे पीक देवाला दाखवल्याशिवाय घरात कोणी तोंडाला लावत नसे. देवळातली भाविकांची रांग गावाबाहेर गेली होती, पण चुलतभावाची त्या दिवशी सेवा होती, त्याने बाजूच्या दाराने आत घेतले. घड पिंडीसमोर ठेवला, वर बेलाचे पान ठेवले, आणि भाऊसाहेबांनी देवाकडे जे मागायचे ते मागितले. मग तो घड पदराखाली झाकावा तसा उपरण्यात घेऊन ते शेतावर आले.

कढई भरून तयार होती. दगडोबाची बायको शालूबाई पाणी शिंपडत होती. माऊली दुकान भावावर सोडून गंमत बघायला आलेला. भाऊसाहेब कढईजवळ गेले, उपरण्यातला घड काढला, त्याची द्राक्षे हाताने सुटी करून कढईत सोडली आणि नागनाथ महाराज की जय म्हणून हात तळापर्यंत घालून सगळे नीट ढवळले.

त्यांच्या घरात लहानपणापासून हेच चालत आले होते. वाटीभर शिरा देवापुढे ठेवायचा, आणि मग ती वाटी पातेल्यात कालवायची. म्हणजे सगळे पातेले प्रसाद होते. हाताने ते इतक्या वेळा केले होते की हाताने डोक्याला विचारलेच नाही.

शालूबाईने डोक्यावर पदर घेतला आणि कढईला हात जोडले. दगडोबाने चपला काढल्या. तेव्हा भाऊसाहेबांना कळले की आपण काय करून बसलो.

पुढचा पाऊण तास भाऊसाहेब कढईत वाकून आपली द्राक्षे शोधत होते. आपली थोडी आंबट, थोडी बारीक, असे ते स्वतःशी म्हणत. नाशिकचीही काही आंबट आणि बारीक होती. माऊलीने सांगितले की अर्धी कढई प्रसाद आणि अर्धी कढई फळं असा हिशेब शास्त्रात नाही. दुसरी द्राक्षे आणावीत तर सगळ्या जिल्ह्याला उपास होता आणि गाड्यांवरची द्राक्षे सकाळीच संपलेली होती. दगडोबा म्हणाला, वाटून टाकू, रस्त्यानं जाणारे खातील. ते योग्य होते. भाऊसाहेबही तसे ठरवत होते, आणि तेवढ्यात गाडी आली.

अनिरुद्ध उतरला. बापाला वाकून नमस्कार केला, जान्हवीने केला, मित्रांनी काका म्हणून हात मिळवले. सरलाबाई घरून आल्या होत्या, त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मांडव बघून मित्र म्हणाले, भारी आहे. चहाही न घेता ते गाडीमागे जाऊन अर्ध्या विजारी घालून आले. भाऊसाहेबांनी चाचरत सांगितले की यंदा आपण द्राक्षे तुडवायची नाहीत, खायची. देवाची झाली आहेत.

अनिरुद्धने त्यांना वेलीखाली बाजूला नेले.

“बाबा, मी यांना सांगून आणलंय. तुम्हीच दर फोनला सांगत होता.”

“अरे, प्रसाद झाला तो. अन्नाला तसाही पाय लावत नाहीत.”

“मग लावलीत कशाला द्राक्षं?” त्याचा आवाज चढला नव्हता. तो फक्त थकलेला होता. “जाऊ दे. आम्ही निघतो. नांदेडला बघतो हॉटेल.”

भाऊसाहेबांनी कढईकडे पाहिले, गाडीकडे पाहिले. सरलाबाई लांबून त्यांच्याकडेच बघत होत्या. घसा साफ करून ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “प्रसाद कुठला? शालूबाईंचा काहीतरी गैरसमज झाला. घरचीच साधी द्राक्षं आहेत. उतरा खुशाल.”

शालूबाई हातातला तांब्या खाली ठेवून म्हणाली, “तुमी म्हणता, तर न्हाई.” आणि ती हळदीच्या ढिगाकडे निघून गेली. माऊलीला दुकान आठवले.

मुले कढईत उतरली. पाच मिनिटांत सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत हळद लागल्यासारखे पिवळे झाले, आणि त्यावरून जे हसणे उसळले ते रस्त्यापर्यंत गेले. अनिरुद्ध डोके मागे टाकून हसत होता. भाऊसाहेब हातात पंचे घेऊन उभे होते. खोटे कशाला सांगा, त्यांना फार आनंद झाला होता. पोरगे आपल्या शेतात हसत होते, आणि त्याला असे हसताना शेवटचे कधी पाहिले ते त्यांना आठवत नव्हते. त्या आनंदात देवाचा विचार त्यांच्या मनात आला नाही.

मग व्हिडिओ काढायचा ठरला. एक मित्र म्हणाला, मागे ते जुने कपडे येताहेत, तेवढे काढता येतील का? अनिरुद्ध बापाकडे बघायच्या आतच सरलाबाई मांडवाखाली गेल्या आणि पातळे एकेक करून उतरवू लागल्या. निळ्याची गाठ सुटेना, ते त्यांनी फाडून काढले.

व्हिडिओ झाला. पाय धुऊन झाले, पिवळे काही गेले नाही. रस प्यायला भाऊसाहेबांनी पेले पुढे केले, तर जान्हवी हसून म्हणाली, आम्ही यात नाचलोय हो बाबा. भाऊसाहेबांनी गाद्यांचे सांगितले, खुर्चीचे सांगितले. तेव्हा एक मित्र मोबाइल बघून म्हणाला की हॉटेलवाला विचारतोय, किती वाजता पोचताय.

“आता सांगितलं त्याला?” भाऊसाहेबांनी विचारले.

“नाही काका, रूम तर पुण्यातूनच बुक केल्यात. मागच्या आठवड्यात.”

अनिरुद्ध बुटाची नाडी बांधत होता. “एवढ्या जणांचा तुम्हाला त्रास नको म्हणून, बाबा,” तो खाली बघत म्हणाला. “पुढच्या वेळी राहायला येऊ.”

गाडी गेली. जाताना तिने हॉर्न वाजवला.

दिवेलागणीला दगडोबा कढई मागायला आला. त्याची हळद शिजायची होती. ओतून दे, असे भाऊसाहेब म्हणाले. दगडोबा जागचा हलला नाही.

“देवाचं हाय. मी न्हाई ओतत.”

“मग गाईला घाल.”

“देवाचं घालतो गाईला. पायाखालचं न्हाई घालत आमी.” तो रागावला नव्हता. “तुमीच बघा काय करायचं ते.” असे म्हणून तो घराकडे गेला.

देवाचे म्हणून टाकता येत नव्हते, आणि पायाखालचे म्हणून कोणाला देता येत नव्हते. कचेरीत असे प्रकरण आले असते तर भाऊसाहेबांनी ते वर्षभर टेबलावर ठेवले असते. त्यांनी फुलपात्र घेतले आणि कढईतून भरून काढले. वडीलधाऱ्यांचे पाय धुऊन ते तीर्थ पोरांनी घ्यायचे, ही रीत त्यांनी आपल्या वडिलांबरोबर पाळली होती. उलटे तीर्थ कुठल्या पोथीत नव्हते. भाऊसाहेबांनी ते तोंडाला लावले आणि थांबत थांबत सगळे प्यायले. आपल्या पोराने आपल्याला फसवले, आणि त्याच्या एका हसण्यासाठी आपण देवाला आणि एका गरीब बाईला खोटे पाडले, हे दोन्ही त्यांना एकदमच कळत होते. डोळे भरून आले. कढई तशीच भरलेली होती.

सरलाबाई फाटके पातळ घडी घालून मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या उठल्या, जवळ आल्या.

“कसं आहे?”

“आंबट आहे,” भाऊसाहेब म्हणाले. “हळदीचा वास येतोय.”

सरलाबाईंनी पदर सावरला, आणि देवळात तीर्थाला धरावा तसा उजवा तळहात पुढे केला.